एसेनगुलचा आत्मा, आठवा मजला

साम्राज्यं येतात आणि जातात, झेंडे बदलतात, चौकाचौकांतले पुतळे उतरवून ठेवावे लागतात. पण माणसाचा एक आत्मा वाचला तर तो अनंतकाळ झळकत राहतो, आणि तो वाचवणाऱ्यासाठी स्वर्गातले देवदूत उठून उभे राहतात, असं पाळक एमिल त्या रविवारी सकाळी म्हणाला आणि त्याने ताश्तेमिरला उभं राहायला सांगितलं. ताश्तेमिर उभा राहिला. त्याच्याबरोबर त्याची खुर्चीही उभी राहिली. ही ख्रिस्ती मंडळी जिथे भरायची ती जागा पूर्वी बालवाडी होती. भिंतींवर अजून गाजर खाणारे ससे होते आणि खुर्च्या पाच वर्षांच्या मुलांच्या मापाच्या, शिवाय हात असलेल्या होत्या. साठी उलटलेला, ऐसपैस बैठकीचा ताश्तेमिर खुर्चीसकट वाकून उभा होता आणि त्याच्या मुलाच्या वयाचा पाळक एमिल डोळे मिटून सांगत होता की आपले हे बंधू आज थोरल्या भावाकडे निघाले आहेत, उद्या त्या भावाचं पोट उघडणार आहेत, डॉक्टर धड काही बोलत नाहीत, तेव्हा आज संध्याकाळच्या आत बंधू ताश्तेमिर त्यांना प्रभूच्या पायाशी आणतील. आणाल ना? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन म्हाताऱ्यांनी पुढे होऊन खुर्ची ओढून काढली. "आणतो," ताश्तेमिर म्हणाला. वीसेक वर्षं तो या मंडळीत होता. बूट ठेवायची फळी त्याने ठोकली होती, नळ त्याने बसवले होते, दारातला बर्फ तोच ओढायचा. पण त्याच्या हातून एकही माणूस देवाकडे आलेला नव्हता. एक शेजारी येतो येतो म्हणाला होता, तो रशियात कामाला निघून गेला. जाताना ताश्तेमिरचं ड्रिल घेऊन गेला.

बाहेर मार्च होता. रस्त्याच्या कडेचा बर्फ काळा पडून मऊ झाला होता, पाटांतून वितळलेलं पाणी बाटल्या वाहून नेत होतं. डोंगर दिसत नव्हते. कोळशाच्या धुराने ते आठवडेच्या आठवडे झाकलेले होते, आणि ते दक्षिणेला आपल्या जागेवर आहेत यावर सगळ्या बिश्केक शहराने नुसता विश्वास ठेवला होता. ताश्तेमिर खाली मान घालून चालत होता आणि मनातल्या मनात उत्तरं घोळवत होता. दादा म्हणणार, देवाने जग केलं तर देवाला कुणी केलं. मग आपण म्हणायचं. दादा म्हणणार, लढाईत मेलेली पोरं. मग आपण म्हणायचं. उत्तरं चांगली होती, वीस वर्षांच्या वापराने गुळगुळीत झाली होती. नदीतल्या गोट्यांसारखी, हातात छान बसणारी, आणि कुणाला लागली तरी न दुखणारी. याच तंद्रीत तो बाजाराजवळच्या भुयारी रस्त्यात उतरला. मोजे, फोनची कव्हरं, चावीवाला, आणि चावीवाल्याच्या पुढे लाल टोपीतली एक मुलगी. तिने त्याच्या पुढ्यात एक पत्रक धरलं. "आजोबा, तुम्हाला येशू माहीत आहे?" आणि ताश्तेमिरने, मंडळीच्या सेवक ताश्तेमिरने, हात किंचित वर करून म्हटलं, "नको गं बाई. माझं त्याच्यावाचून काही अडलेलं नाही."

"तो तुमच्यावर प्रेम करतो, आजोबा," मुलगी म्हणाली.

"करू दे," ताश्तेमिर म्हणाला आणि पुढे गेला.

पलीकडच्या पायऱ्या चढून उजेडात आल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. पत्रक त्यांच्याच मंडळीचं होतं. त्यावरचा कबुतराचा शिक्का त्यानेच पाळकाला करवून आणून दिला होता. परत खाली जावं, मुलीला सांगावं की बाई गं, मी तुमच्यातलाच, मी नळ बसवतो. पण तो खाली गेला नाही. तंदूरच्या खिडकीसमोर साम्सा, भट्टीत भाजलेले समोसे, घ्यायला रांग होती, तो त्या रांगेत उभा राहिला, कारण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला काही ठरवावं लागत नाही. शब्द त्याचे नव्हते, हे त्याला लगेच उमगलं होतं. ते दादाचे होते. नुसते शब्द नाहीत. तो हात किंचित वर करणं, तो थकलेला, सभ्य, दुसऱ्यांदा वाढायला आलेल्याला नको म्हणावं तसा आवाज. "करू दे"सुद्धा दादाचंच. पण त्याला बोचत होतं ते हे नव्हे. बोचत होतं ते हे की ते बोलताना बरं वाटलं होतं. वीस वर्षं हातमोज्यात घामेजलेला हात क्षणभर काढून वाऱ्यावर धरावा तसं. इतकी माणसं रोज त्याला नको म्हणून पुढे जात आली, तो त्यांच्या पाठींकडे बघत दयेने मान हलवत आला, आणि त्यांना पुढे जाताना इतकं हलकं वाटत असेल हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. खिडकीतल्या बाईने विचारलं, मटणाचे की भोपळ्याचे. तो म्हणाला, करू दे. बाईने त्याच्याकडे पाहिलं आणि मटणाचे बांधून दिले.

ट्रॉलीबसमध्ये गरम पुडकं मांडीवर घेऊन तो बसला आणि काचेवरच्या वाफेत दादाचा चेहरा बघत राहिला. एसेनगुल म्हणजे त्यांच्या खानदानात पहिल्यांदा टाय बांधलेला माणूस. तो एका शिक्षणसंस्थेत शास्त्रीय नास्तिकवाद शिकवायचा. तसा विषयच होता, त्याला परीक्षा होती, आणि नापास झालेल्याला देव नाही हे सप्टेंबरमध्ये पुन्हा येऊन सिद्ध करावं लागे. ताश्तेमिर कारखान्यात लेथवर होता, आणि गावी गेलं की दोघा भावांकडे बोट दाखवून म्हातारे म्हणत, एक लोखंड कापतो, एक देव कापतो. मग एका हिवाळ्यात देशच राहिला नाही. कारखान्याला कुलूप लागलं. दादाचा विषयही एका सहीनिशी रद्द झाला, पण दादा टिकला. त्याच खोलीत, त्याच फळ्यासमोर, त्याच टिपणांवरून तो धर्मपरिचय शिकवू लागला. जिथे जिथे "नाही" होतं तिथे त्याने "असे मानतात" घातलं. पगार तेवढाच राहिला. लोखंड कापणाऱ्याला मात्र "असे मानतात" घालायला जागा नव्हती. तो प्यायला लागला. आधी कुलूप लागलं म्हणून, मग बायको मुलाला घेऊन माहेरी गेली म्हणून, मग नुसताच. आणि त्या सगळ्याच्या टोकाला ही बालवाडी, हे ससे, वाटीभर गरम सूप आणि एक परदेशी पाळक, जो दुभाष्यामार्फत म्हणाला की तू हरवला होतास, सापडलास. हे वाक्य ताश्तेमिरला कुणी म्हटलं नव्हतं. तो रडला होता. ते रडणं खरं होतं, हे तो आजही कुणाचीही शपथ घेऊन सांगू शकला असता. खरं होतं म्हणून तर पुढच्या सगळ्याला अर्थ होता.

त्याच परदेशी पाळकाने सांगितलं होतं की तोंडावरून हात फिरवायचं सोड. जेवण झालं की घरातल्या थोरल्याने दोन शब्द बोलायचे, पीक येवो, घरात माणसं नांदोत. बाकीच्यांनी ओंजळी उघड्या धरायच्या. मग बोलणाऱ्याने आधी आणि त्याच्यामागून सगळ्यांनी तोंडावरून हात खाली ओढायचे, ओमीन. तोवर कुणी दस्तरखानावरून, जेवणाच्या अंथरलेल्या चादरीवरून, उठत नाही. आजारी, घाईतला, पाव्हणा, कुणीही नाही. हे जुन्या माणसाचं आहे, परदेशी पाळक म्हणाला, तू नवा झालास. मग ताश्तेमिरने हात गुडघ्यांवर ठेवायला सुरुवात केली. दर रविवारी दादाकडे जेवण व्हायचं, दादा दोन शब्द बोलायचा, वहिनी आणि दादा हात फिरवायचे आणि ताश्तेमिर तिकीट नसलेल्या उतारूसारखा समोर बघत बसायचा. "देव नाही म्हणतोस आणि ओमीन करतोस," तो एकदा दादाला म्हणाला होता. दादा म्हणाला, "देव नसला म्हणून काय झालं. जेवण संपलं हे कुणीतरी सांगायला नको का?" दोन वर्षांनी परदेशी पाळक निघून गेला. पुढे एमिल आला, आणि एमिल मंडळीच्या जेवणानंतर सगळ्यांसमोर खुशाल तोंडावरून हात फिरवायचा. म्हणायचा, बंधूंनो, ही आपली रीत आहे, यात पाप कसलं. सगळे फिरवू लागले. ताश्तेमिर सोडून. एकदा दादासमोर इतकी वर्षं धरून ठेवलेले हात आता कसे उचलायचे? दादा काही बोलला नसता. नुसता हसला असता. ते न बोलता हसणं टाळण्यासाठी ताश्तेमिर दुसऱ्यांच्या घरीसुद्धा जेवायला न बसता उपाशीच निघायचा.

लिफ्ट बंद होती. दारावर कागद होता, कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. आठ मजले चढताना तिसऱ्यावर त्याने कठडा धरला, आणि रंग उडालेल्या त्या कठड्याच्या थंडगार लोखंडातून जानेवारीतली ती संध्याकाळ त्याच्या तळहातात शिरली. तेव्हाही लिफ्ट बंद होती. तो पिऊन पाटात पडला होता, अंगावर बर्फ साचत होता आणि त्याला गरम वाटायला लागलं होतं, गरम वाटलं की संपलं हे सगळ्यांना माहीत असतं; मग कुणीतरी त्याला काखेत धरून ओढलं, पाठीवर घेतलं, आणि तो वर वर जात राहिला. जिन्यातले दिवे उलटे जाताना दिसत होते. साक्ष देताना तो हे सगळं सांगायचा. पाट, बर्फ, गरम वाटणं. मग म्हणायचा, "या जगात मला हात देणारं कुणी नव्हतं, तेव्हा प्रभूने मला उचललं." मंडळी इथे नेहमी हुंकार द्यायची. साक्ष चांगली रचलेली होती. तिच्यात आठ मजले नव्हते, कारण आठ मजले म्हटलं की कुणाचा जिना, कुठलं घर, असं होत जातं आणि प्रभू यायला उशीर होतो.

दार कालीपा वहिनीने उघडलं. पूर्वी औषधांच्या दुकानात होती. अजून कुणीही समोर आलं की त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग आधी बघायची. "आलास? लिफ्ट बंद आहे म्हणून फोन करणार होते. मग म्हटलं, देवमाणूस आहे, येईल उडत." तिने पुडकं हातात घेऊन हुंगलं. "मटणाचे? उद्या पोट कापायचंय आणि हा मटणाचे घेऊन आलाय." तिचा स्वतःचा कुठल्याच देवावर राग नव्हता. गावचा मुल्ला येऊन गेला की ती आर्चाच्या झुडपाची वाळकी डहाळी पेटवून घरभर धूर फिरवायची, आणि ताश्तेमिर गेला की पण फिरवायची.

एसेनगुल जमिनीवर गाद्यांत, दस्तरखानाच्या मानाच्या बाजूला, मांडी घालून बसला होता. रविवारी जमिनीवरच बसायचं हा त्याचा नेम होता आणि आजाराने तो मोडला नव्हता. दादा एवढा लहान कधी झाला, हे ताश्तेमिरला कळेना. कॉलरमध्ये मान सैल फिरत होती. समोर पाव होता, साय होती, बोर्सोक, कणकेचे छोटे गोळे, तळून ठेवलेले होते, आणि दादापुढे नुसता पाण्यासारखा चहा.

"घे, खा," एसेनगुल म्हणाला. "मला वास घ्यायची परवानगी आहे. तू खा, मी बघतो. तुमच्यात असंच असतं ना, एकाने सोसायचं आणि दुसऱ्याने तरायचं?"

"दादा, तसं नाही ते."

"बरं, तसं नाही. सुरू कर."

"काय?"

"जे करायला पाठवलंय ते. तोंडावर लिहिलंय तुझ्या. टाळ्यासुद्धा वाजवल्या असतील."

"खुर्ची अडकली होती," ताश्तेमिर म्हणाला. का म्हणाला कुणास ठाऊक.

"आं?"

"काही नाही."

साम्सा तोंडात फिरत राहिला. चरबी टाळूला चिकटली. त्याने सुरुवात केली, आणि सुरुवात नेहमीसारखी पाटापासून केली, कारण दुसरी सुरुवात त्याला येत नव्हती. बर्फ पडत होता, गरम वाटायला लागलं होतं. एसेनगुल डोळे मिटून ऐकत होता. एरवी तो इथवर येऊ द्यायचा नाही. इथवर येईपर्यंत देवाला कुणी केलं हे होऊन जायचं. आज त्याने काहीच विचारलं नाही, आणि ताश्तेमिरच्या हातातले सगळे गोटे हातातच राहिले. "या जगात मला हात देणारं," तो म्हणाला आणि थांबला.

"थांबलास का? 'कुणी नव्हतं' आहे पुढे," एसेनगुल डोळे न उघडता म्हणाला. "मला पाठ आहे. तुझ्या बाप्तिस्म्याला मी आलो होतो ना. मागच्या रांगेत, सशाखाली."

"कंबरेला पट्टा बांधून," स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली.

"तुझी ती गोष्ट चांगली आहे, तेमिर. मी तीस वर्षं व्याख्यानं दिली, मला कळतं. चढत जाते, नेमक्या जागी रडू येतं. फक्त मला एक सांग, तिच्यात मी कुठे आहे?"

"तुला प्रभूनेच पाठवलं होतं, दादा." हे उत्तर तयार होतं.

"असेल. मग लिफ्ट का नाही चालू केली त्याने? उचललं त्याने म्हणतोस, आणि कंबर माझी गेली." तो रागावलेला नव्हता. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, पण ते पूर्वीचं, जिंकणाऱ्याचं नव्हतं. भाजी महाग झाली म्हणताना माणूस हसतो तसलं होतं. "मी नाही म्हणालो ना तुझ्या देवाला, ते शिकलो होतो म्हणून म्हणालो. पण त्या दिवशी सशाखाली बसलो आणि कायमचं म्हणालो. मला वाटलं, याच्या स्वर्गात जायचं तर आधी मी नव्हतोच असं कबूल करायला लागणार."

ताश्तेमिर पावाचा तुकडा मोडत राहिला. खोलीत रेडिएटर ठकठकत होता. त्याला आईचं मरण आठवलं. अंगणात उभारलेला तंबू, आणि बाहेर काठ्यांवर रेललेले पुरुष, कुणी घोड्यावरून, कुणी गाडीतून उतरलं की मोठ्याने हंबरडा फोडणारे, माझा डोंगर गेला, माझा आधार गेला. दादा कमरेतून वाकून, घसा फाटेस्तोवर रडत होता. देव नाही असं चार पुस्तिकांत लिहिलेला माणूस कुणाला एवढ्या मोठ्याने हाक मारतोय, असं ताश्तेमिरला तेव्हा वाटलं होतं. तो स्वतः बाजूला ताठ उभा होता. आशा नसलेल्यांसारखा आक्रोश करू नकोस, असं मंडळीत सांगितलेलं होतं आणि त्याला आशा होती. गावाने आशा बघितली नाही. आईला न रडलेला, एवढंच नाव त्याच्यामागे राहिलं. म्हाताऱ्यांनी तिरडीला हात लावू दिला नाही, आणि जाताना त्यांच्यातला एक शांतपणे म्हणाला, तुझी वेळ आली की तुझ्या लोकांना शहरात जागा बघायला सांग.

"मला गावी पुरतील," एसेनगुल म्हणाला, जणू तोही त्याच अंगणात उभा होता. "मुल्ला येऊन सांगून गेला, जागा ठेवलीय, आईशेजारी. आयुष्यभर देव नाही म्हणून पगार घेतला, तो मी त्यांचा. तू उठता बसता देवाचं नाव घेतोस, तो तू परका. हे मला वर्गात शिकवायला हवं होतं. पोरं जागी राहिली असती."

"उद्या तुला काही होणार नाही."

"डॉक्टरला विचारलंस? मी विचारलं. तो म्हणाला, देवावर विश्वास ठेवा. मी म्हटलं, तुम्हीसुद्धा?" त्याने चहाची वाटी खाली ठेवली. "हे बघ, तेमिर. मी विचार केलाय. काय म्हणायचं असतं ते सांग, मी म्हणतो. मी पापी आहे, तू तारणारा आहेस, जे काय असेल ते. तुझ्यामागून एकेक वाक्य म्हणतो. जाऊन सांग त्या पोरट्या पाळकाला, आणला म्हणून. वाजवू दे पुन्हा टाळ्या."

वहिनी दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ तसंच.

इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य समोर, सायीच्या वाटीशेजारी पडलं होतं, उचलायचा अवकाश. "नुसतं म्हणून चालत नाही," तो म्हणाला आणि आपला आवाज चिरकतोय हे त्याला ऐकू आलं. "मानावं लागतं. आतून."

"आतून? उद्या आत बघणारच आहेत. काही सापडलं तर कळवतील."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही करत. तुला हवंय म्हणून देतोय. इतकी वर्षं दर रविवारी येतोस, हात गुडघ्यावर ठेवून बसतोस, रिकामा जातोस. मला जाण्याआधी वाटतं की धाकट्याला काहीतरी द्यावं. फक्त माझं एक ऐक. मी गेलो तर तंबूबाहेर उभा राहा आणि रड. काठी घेऊन, मोठ्याने, गावाला ऐकू जाईल असा. आईच्या वेळेसारखा खांब होऊन उभा राहू नकोस. लोक म्हणतील, एसेनगुलला भाऊ नव्हता."

"मंडळीत चालत नाही, दादा."

"म्हणजे माझा आत्मा चालतो, तुझा घसा चालत नाही?"

आणि तेव्हा ताश्तेमिरला एक घाणेरडी गोष्ट दिसली, अगदी जवळून, ताटात केस दिसावा तशी. दादा हो म्हणाला होता आणि त्याला आनंद झाला नव्हता. त्याला फसवल्यासारखं वाटलं होतं. त्याला दादा असा हवा नव्हता, हसत, उदार होऊन, पाव्हण्याच्या खिशात मूठभर बोर्सोक कोंबावेत तसं तारण कोंबणारा. त्याला टाय बांधलेला दादा हवा होता, हरलेला, फळ्याकडे पाठ करून, तू म्हणत होतास ते खरं होतं तेमिर, असं म्हणणारा. देव त्या चित्रात कुठे उभा होता, हे त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. बहुतेक मागच्या रांगेत, सशाखाली. तो दादाला वाचवायला आलाच नव्हता. दर रविवारी तो आठ मजल्यांचं देणं बुडवायला यायचा. त्याला मुलगी आठवली, लाल टोपी, आणि वाऱ्यावर धरल्यासारखा हलका झालेला हात.

"आज येताना एका पोरीने मला पत्रक दिलं," तो म्हणाला. "येशू माहीत आहे का म्हणाली."

"मग?"

"घेतलं नाही."

एसेनगुलने पूर्ण डोळे उघडले. "काय म्हणालास तिला?"

"तू म्हणतोस तेच."

"माझं अडलेलं नाही?"

"हो."

"आणि करू दे?"

"तेही."

एसेनगुलचे खांदे आधी हलले. मग तो पोट दोन्ही हातांनी धरून हसायला लागला, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि वहिनी "अरे टाके नाहीत अजून, आधीच फाडशील" म्हणत त्याच्या पाठीमागे उशी सारू लागली. "म्हणजे," तो धापा टाकत म्हणाला, "इतक्या वर्षांत आपल्यातल्या एकाने दुसऱ्याला बदललं म्हणायचं." मग त्याचं हसू विरत गेलं. हसू गेल्यावर चेहऱ्यावर काहीच उरलं नाही, नुसती हाडं आणि भीती. ती भीती ताश्तेमिरने याआधी पाहिली नव्हती. तीस वर्षांच्या व्याख्यानांच्या खाली ती कुठे होती कोण जाणे. "तेमिर," तो अगदी हळू म्हणाला, "ते भूल देतात ना, तेव्हा काहीच नसतं म्हणे. झोपेसारखंही नाही. मीच शिकवायचो हे. काहीच नसतं म्हणून."

ताश्तेमिरने उत्तरं शोधली. एकही हाताला लागेना. पत्रकातली चार पायऱ्यांची प्रार्थना आठवेना. पहिलं वाक्य आलं तर ते पाटातल्या बर्फापासून सुरू होत होतं आणि ते आता म्हणता येत नव्हतं. काही बोललं नाही तर दादा त्या शब्दापाशी, काहीच नसतं या शब्दापाशी, एकटा राहणार होता. म्हणून तो बोलला. डोळे न मिटता, दादाकडे बघत, लेथवर काम करताना शेजारच्याला ओरडून सांगावं तसल्या ओबडधोबड आवाजात. "देवा, हा माझा भाऊ एसेनगुल. याने मला पाठीवर घेऊन आठ मजले चढवलं. लिफ्ट बंद होती. तू बघितलं असशील तर बघितलं असशील. हा तुला मानत नाही. मी मानतो, पण आज सकाळी मीही नाही म्हणालो. तेव्हा माझ्याकडे बघून काही करू नकोस. याला उद्या उठव. एवढंच. वहिनी एकटी पडेल. मी पण पडेन. याला उठव, मग हा तुला शिव्या देऊ दे." इथे तो थांबला. आमेनसुद्धा राहून गेलं. त्याने हात गुडघ्यांवर ठेवले, सवयीने.

रेडिएटर ठकठकत होता. काचेपलीकडे धूर किंचित विरळ झाल्यासारखा वाटत होता, पण डोंगर काही दिसत नव्हते. वहिनी केव्हा तरी दारातून येऊन दस्तरखानाच्या कडेला बसली होती. तिचे पिठाने माखलेले तळवे उघडे, वर, छातीपाशी धरलेले होते. आणि ताश्तेमिरने पाहिलं, दादाचेही. वाळलेल्या, सुयांनी निळ्या पडलेल्या दोन हातांची ओंजळ हवेत तशीच होती. दादाचे डोळे त्याच्यावर रोखलेले आणि ओले होते. झालं, ताश्तेमिरला वाटलं. हे ते. टाळ्या नाहीत, काही नाही, पण हे तेच. दादा आता काहीतरी म्हणणार होता, ओठ हलत होते, आणि तो जे काही म्हणेल ते जन्मभर पुरेल असं वाटून ताश्तेमिर पुढे वाकला.

"झालं असेल," एसेनगुल म्हणाला, "तर तोंडावरून हात फिरव एकदा. तू बोललास, तूच संपवायला हवं. त्याशिवाय उठता येत नाही, आणि माझ्या पायाला केव्हाच्या मुंग्या आल्यात."